‘बोध काय घेतला?’

उपवासकाळात आमच्या सभागृहात पडदा लागतो. एखाद्या संताच्या जीवनावरील चित्रपट दाखविला जातो, शेवटी दिवे लागतात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या ताई उभ्या राहून मुलांना विचारतात, “मग, काय बोध घेतलात?” पहिला हात वर जातो. “आपण सर्वांवर प्रेम केले पाहिजे.” दुसरा हात वर जातो. “आपण क्षमा केली पाहिजे.” तिसऱ्याला नवीन काही उरलेले नसते, म्हणून तो पहिल्याचेच वाक्य फिरवून सांगतो. टाळ्या होतात. ज्या मुलाला मधल्या भागात झोप लागली होती, ज्या मुलीला हुतात्म्यापेक्षा त्याला मारणाऱ्या शिपायाचा चेहरा आठवत राहिला, त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांनीही हात वर केलेला नसतो.

आम्ही या प्रश्नाविरुद्ध लिहीत आहोत. विचारणाऱ्या ताईंविरुद्ध नव्हे. त्या बिचाऱ्या आपला रविवार मोडून मुलांसाठी येतात. पण हा प्रश्न दिसतो तसा निरुपद्रवी नाही. तुझ्या मनात जे उठले ते सांगू नकोस, जे उठावयास हवे होते ते सांग, असा त्याचा खरा अर्थ आहे आणि मुले तो अर्थ फार लवकर ओळखतात. एकदा ही सवय जडली की ती सभागृहापुरती राहत नाही. ती घरात येते, लग्नाच्या बैठकीत येते आणि शेवटी आपण आपल्याच डोळ्यांनी काय पाहिले हेही आपल्याला कळेनासे होते.

२०१६ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. आम्हां इंदापूरकरांना हा चित्रपट परका नव्हताच. उजनीच्या फुगवट्याचे पाणी मध्ये आहे एवढेच. पैलतीरी करमाळा तालुका, त्यात मंजुळ्यांचे जेऊर, आणि त्याच तालुक्यात चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण झालेले. आर्चीचे काम करणारी रिंकू राजगुरू नीरेपलीकडच्या अकलूजची. पडद्यावरचा ऊस आमच्याच उसासारखा, बोली आमच्याच घरातली, आणि ट्रॅक्टरवर बसून येणारी पाटलाची मुलगीही आम्ही ओळखीची असल्यासारखी पाहिली. बाहेरगावच्या समीक्षकांनी जिला ‘ग्रामीण वास्तव’ म्हटले ती आमची रोजची वाट होती.

चित्रपटगृहात काय घडत होते ते पुष्कळांना आठवत असेल. ‘झिंगाट’ लागले की माणसे खुर्च्या सोडून नाचत. नाणी उधळली जात. आणि अखेरच्या प्रसंगात पडद्यावरचा आवाजच नाहीसा झाला, ते लहान लेकरू रक्ताची पावले उमटवीत बाहेर आले, तेव्हा तासाभरापूर्वी नाचलेली तीच माणसे एकमेकांकडे न बघता बाहेर पडली. आमच्या मते, त्या चित्रपटावर उमटलेली सर्वांत प्रामाणिक प्रतिक्रिया ती शांतताच होती. दुर्दैव असे की ती चित्रपटगृहाच्या फाटकापर्यंतच टिकली.

त्या रात्री आम्ही आमच्याच समाजातील एका कुटुंबाबरोबर जीपने बारामतीहून परतत होतो. प्रथम काका बोलले, “असले सिनेमे काढतात म्हणून पोरं बिघडतात.” मग दुसरे एक गृहस्थ, जे शिकलेले होते, त्यांनी जातिव्यवस्थेवरील भाष्य म्हणून चित्रपटाची वाखाणणी केली. दोन्ही उत्तरे ठरलेली, पहिले घरच्या रीतीचे, दुसरे व्याख्यानाच्या रीतीचे. मागच्या बाकावर दहावीतली एक मुलगी होती. ती म्हणाली, “आर्ची चहा ठेवायला आत गेली, तेव्हाच मला कळलं काय होणार ते. तिचा भाऊ आपल्या मामासारखाच हसत होता. मी असते तरी चहाच ठेवला असता.”

जीपमध्ये कुणी काही बोलले नाही. मग तिची आई म्हणाली, “आपल्यात नसतं तसलं. आपल्यात जात नाही.” मुलगी म्हणाली, “मग ताईचं स्थळ का मोडलं?” तिला गप्प बसविण्यात आले. आम्हीही तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

वाचकांनीच सांगावे, त्या जीपमध्ये चित्रपट कुणी पाहिला होता? काकांनी पळून गेलेली मुले पाहिली. ती तर चित्रपटात आहेतच. शिकलेल्या गृहस्थांनी दुसऱ्यांच्या समाजाचा दोष पाहिला, तोही आहेच. त्या मुलीने एक भाऊ पाहिला, जो आईने पाठविलेली भेट घेऊन बहिणीच्या दारात येतो, आणि तिने स्वतःला त्या स्वयंपाकघरात उभे राहिलेले पाहिले. तिला बोध झाला नव्हता. तिला भीती वाटली होती, आणि भीतीपोटी तिने घरातला खरा प्रश्न विचारला.

तो प्रश्न खरा होता की नव्हता? सोयरिकीच्या वेळी आपण ‘जात कोणती’ असे विचारीत नाही. तेवढी लाज आपल्याला आहे. आपण विचारतो, “पै-पाहुणे कोण?” आणि उत्तरातल्या दोन आडनावांवरून आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा होण्यापूर्वीचा सारा हिशेब मांडून मोकळे होतो. एकाच पंक्तीत ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या दोन कुटुंबांत या हिशेबामुळे बोलणी मोडतात, हे धर्मग्रामातील प्रत्येक प्रौढ माणसाला ठाऊक आहे. आणि हे आमचेच म्हणणे नव्हे. त्याच २०१६ सालच्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले. ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद चालू आहे हे त्यात मान्य केले आणि त्याला गंभीर सामाजिक पाप म्हटले. जे महागुरूंनी डिसेंबरात लिहिले, ते दहावीतल्या मुलीने मे महिन्यात जीपच्या मागच्या बाकावर म्हटले होते. महागुरूंच्या दस्तऐवजाला आपण मान तुकविली. तिला गप्प केले.

करमाळ्याला लागूनच जामखेड तालुका आहे. तेथील खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी प्रेमप्रकरणाच्या संशयावरून सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. ‘सैराट’ त्यानंतर दोन वर्षे आणि एका दिवसाने आला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा ‘सिनेमात अतिशयोक्ती करतात’ असे म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडून ही अंतरे एकदा मोजावीत.

कुणी म्हणेल, एका शाळकरी मुलीच्या बोलण्याला एवढे वजन कशाला? प्रेक्षकाच्या प्रांजळ प्रतिक्रियेतून काय निपजू शकते याचा दाखला आपणच मोठ्या अभिमानाने देत असतो. फक्त अर्धा देतो. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या नाताळच्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यातून भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, हे आपल्या व्यासपीठांवरून अनेकदा ऐकू येते. जणू काही फाळके भारावले ते ख्रिस्तमहिम्याने! प्रत्यक्षात त्यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात स्वतःच लिहून ठेवले आहे की, डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना मनात त्यांना श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. आपली माणसे, आपल्या देवता पडद्यावर कधी दिसतील, ही ती तळमळ होती. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून आला. फाळक्यांना त्या वेळी कुणी “काय बोध घेतलात?” असे विचारले असते आणि त्यांनी सभ्यपणे “सर्वांवर प्रेम करावे” असे उत्तर दिले असते, तर पुढे काय झाले असते?

आपण वडीलधारी मंडळी मात्र असे उत्तर देण्यात तरबेज आहोत. १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे. रस्ते ओस पडत. शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीला हार घालीत, उदबत्ती लावीत, आणि आपण त्याच खोलीत सतरंजीवर बसलेलो असू. ज्यांची मिस्सा त्याच वेळी असे, त्यांनी आपले मन कोठे होते ते आठवून पाहावे. आम्हांला ती मालिका आवडत होती. पण घरी कुणी विचारले तर आपण म्हणत असू, “शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून गेलो.” आवडले, एवढे तीन अक्षरांचे… नव्हे, चार अक्षरांचे उत्तर जड जात होते.

उलट जे पाहिलेच नाही त्यावर आपण तावातावाने बोलतो. २००६ साली ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा आपल्या समाजात निषेधाची लाट उठली. चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, ही कल्पित कथा आहे अशी सूचना जोडावी लागली, काही राज्यांनी तर बंदीच घातली. आम्हीही निषेधाच्या पत्रकावर सही केली होती. चित्रपट आम्ही पाहिला तो कितीतरी वर्षांनी, आणि आमची प्रांजळ प्रतिक्रिया अशी की तो कंटाळवाणा आहे. श्रद्धेला धक्का बसण्याइतका वेळ आम्ही जागेच राहिलो नाही.

आज हाच प्रकार जपानी कार्टूनच्या बाबतीत चालला आहे. घराघरांत मुले ‘डोरेमॉन’, ‘शिनचॅन’ पाहत वाढली. थोडी मोठी झाली की ती जपानी चित्रमालिकांकडे, ज्यांना ती ‘ॲनिमे’ म्हणतात, त्यांच्याकडे वळतात. आपण त्याला सरसकट ‘ते चिनी कार्टून’ म्हणतो, यावरूनच आपण किती पाहिले आहे ते उघड होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हिंदी आवाजासह भारतातील चित्रपटगृहांत लागला. नववीतला आमचा एक भाचा तो पाहून आला. राक्षस, तलवारी, रक्त हे सगळे ऐकून घरच्यांनी नाके मुरडली. तो म्हणाला, “मामा, राक्षस मेला तेव्हा मला रडू आलं.” आजीने कपाळाला हात लावला. राक्षसासाठी रडतो!

आम्ही त्याला जवळ बसवून सगळे विचारून घेतले. तो राक्षस पूर्वी माणूस होता. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा. पोरावर आपल्यामुळे ही वेळ आली म्हणून बापाने गळफास घेतला. पुढे ज्यांनी त्याला आसरा दिला त्या गुरूला आणि त्यांच्या मुलीला, जिच्याशी त्याचे लग्न ठरले होते, विष घालून मारण्यात आले, आणि मग तो जो बिथरला तो बिथरलाच. भाचा म्हणाला, “त्याला मारायला तर पाहिजेच होतं. पण वाईट वाटलं.” ही दोन वाक्ये एकाच दमात म्हणता येणे ही साधी गोष्ट नाही. उपवासकाळातील सभागृहात ती आम्ही अजून ऐकलेली नाहीत. आणि ज्यांना या चित्रशैलीचाच विटाळ होतो त्यांच्यासाठी सांगतो: २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी खुद्द व्हॅटिकनने ऑक्टोबर २०२४ मध्ये जी ‘लूचे’ नावाची बाहुली पुढे आणली, पिवळा रेनकोट, चिखलाचे बूट आणि हाती काठी घेतलेली यात्रेकरू मुलगी, ती याच शैलीतील आहे.

ख्रिस्तसभा या बाबतीत आपल्यापुढे आहे, मागे नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘व्हिजिलांती कुरा’ या परिपत्रकात वाईट चित्रपटांपासून दूर राहण्याची शपथ भाविकांकडून दरवर्षी घ्यावी असे सांगितले होते. आपण तेथेच थांबलो. १९६३ च्या डिसेंबरात द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ‘इंतेर मिरिफिका’ हा आदेश काढला. त्यात तरुणांना संयम सांगितला आहे, पालकांना दक्षताही सांगितली आहे. पण जे पाहिले, ऐकले, वाचले ते अधिक खोलवर समजून घ्यावे, शिक्षकांशी व जाणत्यांशी त्याची चर्चा करावी आणि योग्य निर्णय करावयास शिकावे, असेही तरुणांना सांगितले आहे. चर्चा करावी, असे म्हटले आहे. १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली, तीत पासोलिनी या श्रद्धाहीन म्हणविणाऱ्या दिग्दर्शकाचा मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपट आहे. त्यांनी प्रामाणिक नजर निवडली. आपण अजून सोज्ज्वळ विषय निवडतो आहोत.

मुलांना मोकळे बोलू दिले तर ती वाटेल ते बोलतील, ही भीती आम्हांला मान्य आहे. ती बोलतातच. ‘एक नंबर’ किंवा ‘फालतू’, दोन शब्दांत निकाल लावून मोबाइल पुढे सरकवतात. पण ते प्रांजळपण नव्हे. तेही ठरलेले उत्तरच, फक्त ते आपल्याऐवजी सवंगड्यांना खूष करण्यासाठी दिलेले. “कुठल्या प्रसंगी तुला उठून जावंसं वाटलं?” “कुणाची लाज वाटली?” असे विचारून थोडा वेळ गप्प बसावे, मग मूल हळूहळू बोलू लागते. आम्ही हे करून पाहिले आहे. वेळ लागतो, आणि जे ऐकू येते ते नेहमी सुखाचे नसते.

येत्या उपवासकाळासाठी आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या समितीला मंजुळ्यांचाच ‘फँड्री’ सुचविला आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आलेला तो चित्रपट लहान आहे, आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या तोंडावर येतो. समितीतील एका ज्येष्ठांनी विनंती वाचून विचारले, “पण त्यातून मुलांनी बोध काय घ्यायचा?” आम्ही उत्तर दिलेले नाही. त्यांना आधी तो एकदा पाहावयास घरी बोलावले आहे.