भंगार की पुरावा?

अरुणाचल प्रदेशातील पासीघाट येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘हंप’ संग्रहालयाचे उद्घाटन झाले. दुसऱ्या महायुद्धात हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद पोहोचविताना कोसळलेल्या विमानांचे अवशेष तेथे मांडले आहेत. उपक्रम स्तुत्यच आहे. तथापि, जंगलात सापडलेला धातूचा तुकडा नेमका कोणत्या विमानाचा हे कसे ठरते आणि ते ठरविण्याची संधी आपण किती सहजपणे दवडीत आहोत, याचा विचार या निमित्ताने व्हावयास हवा.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनचा खुष्कीचा मार्ग तुटला. तेव्हा आसामातील चबुआ, दिंजान, मोहनबारी येथील धावपट्ट्यांवरून कुनमिंगपर्यंत हवाई वाहतूक सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या मार्गाने गेला. त्यापायी सुमारे सहाशे विमाने नष्ट झाली आणि त्यांतील कित्येक कोठे पडली, याचा त्या काळी पत्ताही लागला नाही.

विमानाच्या शेपटीवर त्याचा क्रमांक रंगविलेला असे. पण आठ दशकांच्या पावसात रंग क्वचितच टिकतो. ॲल्युमिनियमची नामपट्टी आगीत वितळून जाते. उरते ते बहुधा पोलाद, आणि म्हणूनच शोधाचा आरंभ इंजिनापासून होतो. सिलिंडर १८ असतील तर विमान सी-४६ असण्याचा संभव मोठा. १४ असतील तर डाकोटा, अथवा बी-२४ बाँबर वा त्यावरूनच घडविलेले मालवाहू विमान. कारण या सर्वांना एकाच घराण्याचे इंजिन होते. मग इंजिने दोन की चार हे पाहावे लागते, आणि बी-२४ ला असणारा टर्बोसुपरचार्जर जवळपास आढळतो का, याचाही शोध घ्यावा लागतो.

हौशी शोधकाची फसगत होते ती पुढच्या पायरीवर. एखाद्या पट्टीवर ठोकलेला आकडा दिसला की तो विमानाचाच क्रमांक असे त्याला वाटते. वस्तुतः तो बहुधा त्या सुट्या भागाच्या आराखड्याचा असतो. बी-२४ च्या भागांवरील आकडे पुष्कळदा ३२ ने सुरू होतात, कारण कारखान्याच्या दप्तरी ते विमान ३२ क्रमांकाच्या नमुन्याचे होते. अशी १८ हजारांहून अधिक विमाने बनली! म्हणजे त्या आकड्यावरून जात कळते, व्यक्ती नव्हे. व्यक्ती कळते ती इंजिनाच्या आणि मशीनगनच्या अनुक्रमांकावरून. १९४३ पासून अमेरिकन लष्करी हवाई दल बेपत्ता विमानाचा जो अहवाल तयार करी, त्यात हे क्रमांक नोंदविण्याची सोय होती. छावणीतल्या कोणा कारकुनाने कंटाळत टंकलिखित केलेली ती रकाना-पूर्ती आज सर्वांत मोलाची ठरते. अर्थात दुरुस्तीत इंजिने बदलली जात, दुसऱ्या विमानाचे भाग बसविले जात. तेव्हा एका तुकड्यावर भिस्त ठेवून चालत नाही. अनेक तुकडे, आणि ते जेथे पडले तेथेच पाहिलेले असावे लागतात.

याचे फळ काय, हे ‘हॉट ॲज हेल’ या बी-२४ विमानाने दाखविले. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चबुआकडे येताना ते आठ जणांसह नाहीसे झाले. दामरो गावाजवळ त्याचे अवशेष २००६ मध्ये एका अमेरिकन गिर्यारोहकास आढळले. तेथे मिळालेल्या अस्थी २०१६ मध्ये दिल्लीहून अमेरिकेस नेण्यात आल्या आणि २०१७ मध्ये आठांपैकी एकाची ओळख पटली. विमान कोणते हे ठरले म्हणूनच आत कोण होते त्याची यादी हाती आली आणि अस्थींची पडताळणी कोणत्या घराण्यांशी करावयाची हे कळले.

आता बाजाराकडे पाहू. डोंगरातील गावांनी या पत्र्यांची भांडी व अवजारे केली, त्यात गैर काहीच नाही. भंगारवाला वजनाचा भाव देतो. क्रमांकाला त्याच्या तराजूत वजन नाही. क्रमांकाचे मोल ज्या कुटुंबाला आहे ते सात समुद्रांपलीकडे, आणि तुकडा जपण्याची तोशीस मात्र येथल्या गावकऱ्याला. असा व्यवहार बाजार आपण होऊन जुळवीत नाही. तेथे शासनालाच मध्ये पडावे लागते. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा सामान्यतः शंभर वर्षांची अट घालतो. म्हणजे १९४४ चे विमान २०४४ पर्यंत त्याच्या लेखी भंगारच!

परक्यांच्या मृतांसाठी आपण का झिजावे, असे कोणी विचारील. पण ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहकडे निघालेले आपल्याच हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झाले होते. त्याचे अवशेष २००३ मध्ये हिमनदीत सापडले, आणि २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले तेव्हा काहींची ओळख जवळच्या कागदपत्रांवरूनच पटली.

संग्रहालयात येणाऱ्या तुकड्याबरोबर तो उचलण्यापूर्वीचे छायाचित्र, जागेचे मोजमाप आणि त्यावरील प्रत्येक आकड्याची नक्कल असावी. जिल्हा कचेरीत त्यासाठी एक साधी नोंदवही पुरे. गावकऱ्याला बक्षीस द्यावयाचे ते धातू आणून दिल्याबद्दल नव्हे, तर तो जागच्या जागी ठेवून वर्दी दिल्याबद्दल. खर्च म्हणावा तर दरसाल एखाद्या शिपायाच्या पगाराइतका.