पत्रा नवा, दावा जुना

मांडव्याला रो-रो बोट लागते आणि तिच्या पोटातून मुंबईच्या मोटारी एकामागून एक बाहेर पडतात. 2020 मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून त्यांत अधूनमधून एखादी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडीही दिसते. अलिबागजवळच्या एका वाडीत अशीच एक डॉज किंग्जवे पाहायला मला निमंत्रण होते. मालक हौशी आणि सुसंस्कृत, आतिथ्यात कसर नाही. "कारखान्यातून आली होती तश्शी केली आहे," ते म्हणाले. मी आत डोकावलो. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा नव्हता, पायाशी क्लचही नव्हता. मी विचारले तेव्हा ते मोकळेपणाने हसले. "ऑटोमॅटिक बसवून घेतलं, सर. ते जुनं कोण चालवत बसणार? आणि बाहेरून कुणाला कळतंय?"

माझे भांडण या शेवटच्या प्रश्नाशी आहे. प्रश्न एका गाडीचा असता तर हा लेख लिहिला नसता. जुन्या वस्तूचे 'मूळ रूप' म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्या समाजात रूढ झालेली समजूतच त्या प्रश्नात बोलते आहे, आणि साहित्याच्या अध्यापकाला तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

या गाड्या नुसत्या 'अमेरिकन' नाहीत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्यांची जुळणी सुरू केली. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने नुसत्या जुळणीऐवजी प्रत्यक्ष उत्पादनाची अट घातली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. म्हणजे या यंत्रांचे सुटे भाग सातासमुद्रापलीकडून आले असले, तरी त्यांचे पाने-बोल्ट आवळणारे हात इथल्या कामगारांचे होते.

या गाड्यांचा गिअरबॉक्स तीन गिअरचा. दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, डाव्या हाताशी. फियाटच्या टॅक्सीत बसलेल्या पिढीला तो आठवत असेल. दांडा जमिनीवर नसल्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे ऐसपैस बसत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर असे. पहिल्याला बहुधा नसे. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर 'डबल क्लच' मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला जरासा स्पर्श, पुन्हा क्लच, मग गिअर. दातेरी चक्रांचा वेग जुळला की दांडा लोण्यासारखा आत जाई; चुकला की साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा करकराट. बोरघाट चढताना चालक इंजिनाचा आवाज ऐकून हात हलवत असे. ही एक भाषा होती, आणि तिचे व्याकरण हाताला, पायाला आणि कानाला पाठ होते.

आता खाऱ्या वाऱ्याचा न्याय पाहा. किनाऱ्यावर किंवा मुंबईत पन्नास-साठ वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा आधी जातो. तळ, दारांच्या कडा, चाकांवरची कमान सगळे गंजून भुगा होते. त्यामुळे 'पुनरुज्जीवित' गाडीचा बराचसा पत्रा नवा ठोकलेला असतो, रंग नवा असतो, गादीचे कापड आणि क्रोमचा मुलामाही नवा असतो. गिअरबॉक्स मात्र ओतीव लोखंडाच्या पेटीत, तेलात बुडालेला. तेल गळून गेले नसेल आणि पाणी शिरले नसेल, तर आतली पोलादी चक्रे शाबूत निघण्याची शक्यता मोठी. म्हणजे ज्याला आपण 'जुने' म्हणून मिरवतो ते नवे आहे, आणि जे खरोखर जुने होते ते आपण भंगारात घातले! ज्या कुर्ल्यात ही गाडी जुळली, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे अंतरंग किलोच्या भावाने जावे, याला दैवदुर्विलास म्हणायचे की रसिकता?

आपण वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 मध्ये पूर्ण झाले. त्या पंडितांनी पाठभेद फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले. संपादकाने काय स्वीकारले आणि काय वगळले हे वाचकाला तपासता येते, हीच त्या कामाची नीती. डॉजमधला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा प्रक्षेप आहे, आणि तो नोंदवलेला नाही. मोडीतला दस्त वाचता येत नाही म्हणून तो फाडावा, त्याच आकाराच्या कागदावर छापील मजकूर चिकटवावा आणि वर 'अस्सल दस्तऐवज' असे लिहावे, त्यातला हा प्रकार.

कुणी म्हणेल, मूळ गाडीत फेरफार आजचेच का? टॅक्सीवाल्यांनी याच गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिने बसवली, त्यांचे काय? त्यांचे काहीच नाही. पेट्रोल परवडेना म्हणून पोटासाठी केलेला तो बदल होता, आणि त्याला सगळे उघडपणे 'गाडी डिझेल केली' असेच म्हणत. तेही त्या गाडीच्या चरित्रातले एक प्रकरण आहे; काढायचे तर नोंद ठेवून काढावे. आजच्या मालकाचे गुडघे दुखत असतील, मुंबईच्या कोंडीत जड क्लच सोसवत नसेल, हेही मी समजू शकतो. मग ऑटोमॅटिक जरूर बसवावा. फक्त त्याला 'कारखान्यातून आली तशी' म्हणू नये आणि काढलेला गिअरबॉक्स जपून ठेवावा. सोयीला माझा विरोध नाही, सोयीला निष्ठेचे नाव देण्याला आहे.

2021 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही स्वतंत्र नोंदणी आणली. तिची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन यांसाठी येते. मग वर्षाकाठी मोजकेच किलोमीटर धावणाऱ्या गाडीला 'ते जुनं कोण चालवणार' ही सबब कशी लागू पडते?

आणखी एक आक्षेप आमच्याच स्टाफरूममधून येतो: हे धनिकांचे चोचले, साहित्याच्या माणसाने त्यांत का पडावे? गाडी धनिकाची आहे, हे खरे. पण तिचे ज्ञान धनिकाचे नाही. त्या वाडीहून परतताना मी एका वृद्ध मिस्त्रींकडे थांबलो. अशा गाड्यांवर त्यांचे उभे आयुष्य गेले आहे. गिअरबॉक्स न उघडता, नुसत्या आवाजावरून कुठले चक्र झिजले ते सांगतात. त्यांनी एकही ओळ लिहून ठेवलेली नाही. हाताखाली पोरगा नाही, कारण उघडायला गिअरबॉक्सच येत नाहीत. "बदलायचं काम येतं, सर," ते म्हणाले, "दुरुस्तीचं येत नाही." मौखिक परंपरेवर चर्चासत्रे भरवणाऱ्या आपल्या विभागांना ही परंपरा दिसू नये, कारण तिच्या हाताला ग्रीस लागले आहे?

निघताना मी त्या मालकांना विचारले होते, मूळ गिअरबॉक्स कुठे आहे? ते गॅरेजवाल्याला विचारून सांगणार होते. मी अजून वाट पाहतो आहे. मिस्त्रींना मात्र मी शब्द दिला आहे: तो सापडला तर पेटी त्यांच्याच हातांनी उघडायची, आणि माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी शेजारी वही घेऊन बसायचे.