मान आहे, शुश्रूषेचं काय?
आपल्याकडे वडीलधाऱ्यांना मान आहे, वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची सोय, असं नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मान आहे, हे खरंच. साठीशांत, एक्याऐंशीच्या सुमाराचं सहस्रचंद्रदर्शन, दिव्यांचं ताट, नातवंडांचा गराडा, हे सगळं मनापासून होतं. पण साठीचा सोहळा जपानमध्येही आहे. साठ वर्षांचं चक्र पुरं होऊन माणूस नव्याने जन्मला, म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखं लाल जाकीट घालतात. त्याच जपानने २००० साली चाळिशीपुढच्या सगळ्यांकडून हप्ता घेऊन वृद्धांच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला; त्यात मानाला कमीपणा आला असं त्यांना वाटलं नाही. आपण २००७ साली कायदा केला तो आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता यावा म्हणून, आणि त्याची कमाल मर्यादा ठेवली महिना १० हजार रुपये. म्हणजे भार अजून घरावरच. माया काही सरकारी खात्यातून मिळत नाही, असं यावर कुणी म्हणेल. मान्य. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दिवसरात्र दर काही तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाची माया कितीही खरी असली तरी फोनवरून हे होत नाही. ते घरातल्या एकट्या सुनेच्या किंवा सत्तरीतल्या बायकोच्या कमरेवर पडतं. महापालिकेच्या दवाखान्यातून प्रशिक्षित परिचारिका अशा घरी नेमाने यावी, ही मागणी नागपूरकरांनी पाणी-रस्त्यांइतक्याच हक्काने करावी.