कैकाडी भाषा मेली तर दोष कुणाचा?

माळशिरस तालुक्यातल्या कैकाडी वस्तीवर आम्ही अभ्यासिका चालवतो. आजी कैकाडीत विचारते, नातू मराठीत उत्तर देतो. बाहेरचे कुणी आले की आजीही मराठीवर येते. भाषेचा जीव तपासायला युनेस्कोने २००३ मध्ये नऊ कसोट्या मांडल्या. पहिलीच कसोटी : भाषा पुढच्या पिढीकडे जाते का? या वस्तीचे उत्तर वर आलेच.

म्हणे, 'त्यांनीच भाषा टाकली.' साफ खोटे! १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात कोंडले, त्यांच्या बोलीवरही संशयाचा शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. जनगणना कैकाडीला तमिळच्या पोटात मोजते. शाळा तिला अशुद्ध मराठी समजते. ती द्राविडी कुळातली भाषा आहे, हे कुणी सांगायचे?

संविधानाचे कलम २९ भाषा जपण्याचा हक्क देते. कलम ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करायला राज्याला सांगते. ही भीक नव्हे, हक्क आहे.

पण साथींनो, दोष आपलाही आहे. याच अभ्यासिकेत आम्हीही पोरांना 'शुद्ध बोला' म्हणून टोकले. आपल्या बोलीला ज्यांनी हिणवले, त्यांचीच छडी आपण उचलली! लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'ला १९८१ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा टाळ्या वाजवणारी चळवळ त्या भाषेसाठी काय करते?

आता काम करू. अंगणवाडीत वस्तीतलीच सेविका मागू. आजीच्या गोष्टी तिच्या संमतीने मोबाईलवर रेकॉर्ड करू. येत्या जनगणनेत मातृभाषा 'कैकाडी' अशीच नोंदवायला घरोघर सांगू. मराठी-इंग्रजी शिकूच, पण आईच्या भाषेची लाज बाळगून नाही.

जय भीम!