छोट्या कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकालाही संशोधनासाठी पैसे हवेत



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा : इंजिनिअरिंगला कुठे जायचं? फी किती, हॉस्टेल कसं, पॅकेज किती, सगळं आपण विचारतो. पण "इथले सर-मॅडम स्वतः काही संशोधन करतात का?" हे कुणीच विचारत नाही.

का विचारायचं? नाशिककडचा कांदाच घ्या. चाळीत साठवलेला कांदा दमटपणाने सडतो, त्याला कोंब फुटतात, वजन घटतं. चाळीत तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर बसवून सड वाढायच्या आत शेतकऱ्याला मोबाईलवर इशारा देणं, हे इंजिनिअरिंगचंच काम. तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापक ते चांगलं करू शकतो, कारण चाळ त्याच्या विद्यार्थ्याच्याच घरी असते. लागतात काही सेन्सर, दोन हंगामांचा वेळ आणि थोडे पैसे.

योजना नाहीत असं नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं. नव्याने नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांसाठी त्यांचं वेगळं अनुदानही आहे. मग अडतं कुठे?

पहिली अट नियमित पदाची. आपल्याकडे कितीतरी तरुण शिक्षक कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर आहेत, ते दारातच अडतात. दुसरी अडचण वेळेची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे. त्यावर प्रवेशाची कामं, परीक्षा, नॅकच्या फायली. प्रस्ताव लिहायचा कधी? तिसरी अडचण रांगेची. ज्याच्याकडे साधी प्रयोगशाळा नाही, त्याचा अर्ज आयआयटीतल्या नव्या प्राध्यापकाच्या अर्जाशेजारी ठेवला जातो.

आणि गंमत बघा, पैसे नसले तरी बढतीसाठी शोधनिबंध मात्र हवेतच! मग खिशातून फी भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये काहीतरी छापून आणलं जातं. त्यातून ना शिक्षक शिकतो, ना मुलं.

माझं म्हणणं साधं आहे. छोट्या कॉलेजांची रांग वेगळी करा. दोन-तीन लाखांचं अनुदान, चार पानी अर्ज, आणि कंत्राटी शिक्षकालाही संधी. कॉलेजने त्याचे आठवड्याचे चार तास कमी करावेत. "पैसे वाया जातील" असं कुणी म्हणेल. काही जातीलही. म्हणून हप्त्याने द्या आणि काम दिसलं नाही तर पुढचा हप्ता थांबवा. पण प्रयोग फसला तरी त्यात राबलेली मुलं मोजायला, नोंदी ठेवायला आणि चूक शोधायला शिकतात. आयता प्रोजेक्ट विकत आणून हे येतं का?

तेव्हा पालकहो, यंदा प्रवेशाला जाल तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा : "सर, सध्या तुम्ही कशावर काम करताय?" आणि शिक्षक मित्रांनो, एकट्याने जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या सहकाऱ्याला सोबत घ्या, पण यंदा एक तरी अर्ज लिहाच.