आधी पासपोर्ट हातात द्या, समुपदेशन नंतर

मा. परराष्ट्र मंत्री, भारत सरकार, व मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून आखातात गेलेल्या कामगारांची आम्ही घरची माणसे. आमच्या माणसाची झोप उडाली, तो एकटाच बडबडू लागला, की कंपनीचा सुपरवायझर म्हणतो, ‘घरची आठवण येतेय’. आठवण कुणाला येत नाही? माणूस खचतो तो कर्जाने, थकलेल्या पगाराने आणि कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात अडकलेल्या पासपोर्टने. इकडे बायकोचे दागिने गहाण, व्याज चढते आहे. तिकडे काम सोडावे, तर ‘फरार’ अशी नोंद होण्याची धास्ती. कॅम्पच्या खोलीत दुमजली खाटेला चादर बांधून केलेला आडोसा एवढीच त्याची स्वतःची जागा. फोनवर मात्र तो ‘जेवलो, बरा आहे’ याच्या पुढे जात नाही.

म्हणून आमची पहिली मागणी समुपदेशकाची नाही. भरती एजंटाला नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. पावती तेवढ्याचीच मिळते. बाकीचे रोखीत जातात. परदेशी कामगार भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाने तालुक्याला येऊन तक्रारी घ्याव्यात आणि जादा रक्कम परत मिळवून द्यावी. कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे अमिरातीत आणि कतारमध्येही बेकायदा आहे. तेव्हा भारतीय दूतावासाने तक्रारदाराच्या हाती नुसते पत्र न देता पासपोर्ट सुटेपर्यंत पाठपुरावा करावा.

परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये आहेत. मन बिघडले तर काय? मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्या, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तसे पॉलिसीत स्पष्ट लिहा. व्हिजिट व्हिसावर पाठवून कामाला जुंपलेल्यांनाही मदत नाकारू नका.

‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही सेवा आखाती सिमवरून, मराठीत, रात्रपाळी सुटल्यावरही मिळावी.

परत आलेल्याला गाव आधी ‘किती कमावलंस?’ असे विचारते. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना कुणी पाहील, या लाजेने तो उपचार टाळतो. दापोली, खेड, मंडणगडच्या सरकारी दवाखान्यांत ठरल्या वारी मनोविकारतज्ज्ञ बसवा. गावी मागे राहून ताण सोसणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येईल.

प्रत्येक मागणीसमोर जबाबदार कार्यालय आणि मुदत लिहिलेले उत्तर आम्हाला लेखी मिळावे, ही विनंती.