सिल्फियम खवय्यांनी संपवले काय?

किरेनी हे आजच्या लिबियातील प्राचीन ग्रीक नगर. त्याचे वैभव सिल्फियमच्या चिकावर उभे होते. नाण्यांवरही तेच रोप. प्लिनी लिहितो की त्याच्या हयातीत एकच काडी सापडली, आणि ती नीरो बादशहाकडे धाडण्यात आली.

दोष सर्रास रोमन जिभेला दिला जातो. तो अन्यायाचा आहे. खुद्द प्लिनी बोट दाखवतो ते कुरणांचे मक्ते घेऊन तेथे मेंढरे चारणाऱ्यांकडे. त्यात नफा अधिक होता.

खवय्ये उलट काटकसर करत. अपिकियसच्या नावावरील पाकग्रंथात चीक चिलगोज्यासारख्या बियांत मुरवून त्या बियाच वापरण्याची युक्ती आहे. पुढे इराणकडील हिंगावर भागवावे लागले. प्लिनीने त्याला हलका ठरवले. मराठी फोडणीला हे मान्य होणे कठीण!